दहा हजारांचं राहू द्या, लायसन्सचं बोला

डिसेंबर लागला की एकच प्रश्न फिरायला लागतो: किती घेतली तर नाकाबंदीत सापडत नाही? प्रश्नच वाकडा आहे. पण त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं, म्हणून आधी ते देऊन टाकतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सांगतं की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. गाडी झोकांड्या खात होती की सरळ चालली होती, हे कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा 80 आहे, युरोपातल्या बऱ्याच देशांत 50. कागदावर आपण साहेबापेक्षाही कडक.

आता हिशेब. आपल्याकडच्या व्हिस्कीत बहुधा 42.8 टक्के अल्कोहोल असतं. 60 मिलीच्या लार्जमध्ये साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आलं. 70 किलोच्या पुरुषाच्या अंगात ते पूर्ण भिनलं की रक्तातला आकडा 40-45 पर्यंत जातो. म्हणजे एका लार्जमध्येच मर्यादा पार! 55 किलोच्या बाईच्या बाबतीत तोच लार्ज 65 च्या आसपास पोचवतो, कारण वजनही कमी आणि शरीरातलं पाण्याचं प्रमाणही कमी. 'बिअरच तर घेतली' म्हणणाऱ्यांसाठी: 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची एक बाटली त्या 70 किलोवाल्यालाही 80 च्या पुढे नेते. पोटात अन्न असेल तर आकडा उशिरा चढतो आणि थोडा खाली राहतो. चकण्याचा उपयोग तेवढाच.

उतरण्याचा वेग 100 मिली रक्तामागे तासाला सरासरी 15 मिलिग्रॅम. कुणाचा 10, कुणाचा 20. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी तो बदलत नाही. चौघांनी मिळून एक खंबा (750 मिली) संपवला तर प्रत्येकाच्या वाट्याला क्वार्टरपेक्षा जरा जास्त येते, म्हणजे त्या 70 किलोवाल्याच्या रक्तातला आकडा 130 च्या आसपास. रात्री दहाला बसलेला माणूस 30 च्या खाली यायला पहाटेचे पाच वाजतात, आणि ज्याचं शरीर तासाला 10 च उतरवतं त्याला सकाळचे आठ. मधे झोप काढली, दात घासले, तरी साडेसहाला मुलाला क्लासला सोडताना तो कायद्याच्या भाषेत प्यालेलाच असतो. नाकाबंदी रात्रीची असते, त्यामुळे हे सकाळचे लोक सहसा सापडत नाहीत, इतकंच.

यंत्राबद्दल थोडं. ब्रेथ अ‍ॅनालायझर श्वासातलं अल्कोहोल मोजतो आणि त्यावरून रक्तातलं काढतो. त्यासाठी 2100 ला 1 हे प्रमाण धरलेलं असतं, म्हणजे 2100 मिली श्वासात जेवढं अल्कोहोल तेवढंच 1 मिली रक्तात. ते सरासरी प्रमाण आहे, माणसागणिक थोडं इकडंतिकडं होतं. घोट नुकताच घेतला असेल किंवा अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, तर तोंडातलंच अल्कोहोल यंत्रात जातं आणि आकडा फुगतो. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकलं की हा घोळ मिटतो. म्हणून आकडा 30 च्या काठावर असेल तर दुसरी चाचणी मागा. नळी नवी आहे ना ते बघा, आणि छापील पट्टीवर तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक आहे ना तेही. पोलिसांच्या बाजूनेही हेच महत्त्वाचं: यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो ना याची तपासणी, मुदतीत झालेलं नसेल तर बचावाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

'मी फुंकणारच नाही' हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतो. त्याचा काही उपयोग नाही. संशयाला वाजवी कारण असेल तर नकार देणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते (कलम 203), आणि कारण नसताना दिलेला नकार पुढे कोर्टात तुमच्याच विरोधात वापरता येतो (कलम 205).

अटक झाली की घड्याळ सुरू होतं. कलम 202 म्हणतं, दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही तर माणसाला सोडावं लागतं. इथे एक गैरसमज आहे: ही सुटका कोठडीतून असते, खटला त्याने संपत नाही. पण व्यवहारात खटला इथेच पातळ होतो. मध्यरात्री पोलिसांची गाडी मिळवायची, सरकारी दवाखान्यात रांग लावायची, ड्यूटीवरचा डॉक्टर अपघाताच्या पेशंटमध्ये अडकलेला. यात दोन तास कधी गेले कळत नाही. दर तासाला 15 च्या हिशेबाने पुरावा रक्तातून निघून चाललाय, हे त्या रांगेत कुणाच्या डोक्यात नसतं.

रक्त घेण्याचीही रीत आहे. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालचे 1959 चे नियम शिरेतून 5 मिली रक्त घ्यायला सांगतात. सुई टोचायची जागा स्पिरिटने पुसायची नाही. सवयीने तोच बोळा फिरवला की रिपोर्ट वादात सापडलाच. बाटलीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट हवं. फ्लोराइड नसेल तर नमुना पडून राहिल्यावर जंतू साखर आंबवून नवं अल्कोहोल तयार करू शकतात, आणि ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही. मग सील, सही, वेळ, कुणी कुणाच्या हाती दिलं त्याची नोंद, फ्रिज आणि शेवटी प्रयोगशाळेतली गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे अल्कोहोल वेगळं काढून मोजणारी चाचणी. ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी आरोपी सुटू शकतो. पुण्यात 19 मे 2024 च्या कल्याणीनगर अपघातात दोन तरुण इंजिनीअर गेले आणि महाराष्ट्र पेटला, तेव्हा लोकांचा सगळा राग अल्पवयीन आरोपीला जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर निघाला. खटल्याच्या दृष्टीने त्याहून गंभीर गोष्ट होती रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप. निबंधाची अट मागे घेता येते. त्या रात्रीचं रक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळत नाही.

आणि नमुना इतका का जपायचा? सुप्रीम कोर्टाने 1971 मध्येच सांगून ठेवलंय की तोंडाला वास, अडखळती जीभ, जाणारा तोल एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं धरता येत नाही. याउलट बांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर 2006 मध्ये फुटपाथवर झोपलेले सात जण चिरडले गेले, त्या खटल्यात रक्तात 0.112 टक्के, म्हणजे 112 मिलिग्रॅम, हा ठोस आकडा कोर्टासमोर होता. सदोष मनुष्यवधाखालची तीन वर्षांची शिक्षा 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली.

आता शिक्षेकडे. 2019 च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्याला 15,000 किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हा गुन्हा जागेवर तडजोड करून मिटवता येत नाही, कोर्टात जावंच लागतं. त्यामुळे रस्त्यात कोणी 'पाच हजारांत मिटवून टाकू' म्हणत असेल तर ते पैसे दंडाचे नाहीत, एवढं समजून घ्या.

पण ज्याची गाडी वीस लाखांची, त्याला दहा हजार म्हणजे एका पार्टीचं बिल. त्याला दुखेल असं कायद्यात दुसरंच काही आहे, आणि ते 1988 पासून आहे. कलम 20 नुसार 185 खाली दोषी ठरवणाऱ्या कोर्टाने लायसन्स किमान सहा महिने अपात्र ठरवलंच पाहिजे. भाषा 'ठरवू शकेल' अशी नाही, 'ठरवेल' अशी आहे. शिवाय 2019 पासून पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं आहे. अपात्र असताना गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा आणखी 10,000 दंड किंवा दोन्ही. आता तुमच्या ओळखीतले 'ड्रंक अँड ड्राइव्ह'मध्ये सापडलेले आठवा. गुन्हा कबूल, दंडाची पावती, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच गाडीच्या स्टिअरिंगवर. कोर्टाचा आदेश आरटीओपर्यंत पोचून 'सारथी' या लायसन्सच्या ऑनलाइन नोंदणीत चढला पाहिजे, नाहीतर तो असून नसल्यासारखा. माझं म्हणणं एवढंच आहे की दंड वाढवा म्हणून ओरडण्याआधी हे एक कलम चालवून दाखवा. सहा महिने ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसणं श्रीमंताला आणि गरिबाला सारखंच लागतं. अपवाद रिक्षा-टेम्पोवाल्यांचा, त्यांची रोजीरोटीच बंद होते. पण दिवसभर प्रवासी वाहणाऱ्याला सूट द्यावी असं मला तरी वाटत नाही.

कायद्यातली एक उलटी गोष्टही सांगायला हवी. अपघातानंतर थांबून जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं कलम 134 खाली बंधनकारक आहे. तसं न करता पळाल्यास कलम 187 खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 दंड किंवा दोन्ही. म्हणजे प्यालेल्याने थांबलं तर दंड दहा हजार आणि रक्तात पुरावा. पळून आठ तासांनी वकिलासोबत हजर झालं तर पाच हजार आणि रक्त साफ. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये न कळवता पळणाऱ्याला, अपघातात मृत्यू झाला असल्यास, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणली होती. जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी चक्का जाम केला आणि 1 जुलैला बाकी संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवलं गेलं. जमावाच्या माराची ट्रकचालकांची भीती खोटी नाही. पण सुरक्षित अंतरावर जाऊन लगेच फोनवर कळवणाऱ्याला वेगळं धरता येईल असं कलम लिहिणं काही अवघड नाही.

विम्याचं लोक धरतच नाहीत. प्यायलेल्याच्या हातून गाडीचं नुकसान झालं तर कंपनी दावा नाकारते. फौजदारी खटल्यातून सुटलो म्हणजे इथेही सुटलो असंही नाही: 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी इतर परिस्थितीवरून कंपनी ते सिद्ध करू शकते. समोरच्या जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना कंपनीने भरपाई दिली तरी ती रक्कम बहुतेक वेळा गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा तिला मिळते, आणि ती रक्कम लाखांत असते.

शेवटी कलम 188, जे फारसं कोणी वाचत नाही. 185 च्या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत करणाऱ्याला तीच शिक्षा आहे जी चालवणाऱ्याला. मित्राने चार लार्ज घेतलेत हे माहीत असून 'जा रे, काही होत नाही' म्हणत स्वतःच्या गाडीची किल्ली त्याच्या हातात देणारा यात येऊ शकतो. पोलीस हे कलम क्वचित लावतात. लावायला लागले तर किल्ली देताना हात आखडेल.