सर, तुमच्या आक्षेपांबद्दल आणि त्या नऊ फ्रेम्सबद्दल

सर, नमस्कार.

मारिओ या व्हिडिओ गेममधल्या पात्राच्या पोहण्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर ठाण्यात पालिकेच्या तरणतलावावर बरीच वर्षं मुलांना पोहायला शिकवतात. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की खेळ एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक स्थिर चित्र, पुढे सरकवत आणि चुकलं की मागे जात केलेला कमीत कमी वेळाचा विक्रम ही फसवणूक आहे. दुसरं, २-२ या पाण्याच्या लेव्हलमध्ये मी नऊ फ्रेम्स वाचवल्याचं लिहिलं, पण खालच्या तक्त्यात एकूण वेळ तीच जुनी आहे. आणि तिसरं त्यांच्याच शब्दांत: ‘बटण दाबण्याला पोहणं म्हणू नका. पाणी अंगाला लागल्याशिवाय पोहणं कळत नाही.’

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं सोळा आणे खरं आहे. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये लेव्हल संपली की पुढची लगेच सुरू होत नाही. पुढे जायचं की नाही, हे खेळ दर २१ फ्रेम्सनी एकदाच तपासतो. सेकंदाला साधारण ६० फ्रेम्स, म्हणजे २१ फ्रेम्स झाल्या ०.३५ सेकंद. तुमच्या तलावावर बॅच सुटते तसंच हे. तुम्ही दोन मिनिटं आधी पाण्याबाहेर आलात तरी पुढच्या बॅचला शिट्टी झाल्यावरच आत सोडतात. माझ्या नऊ फ्रेम्स खऱ्या होत्या, पण त्या शिट्टीची वाट बघण्यात गेल्या. पुढची शिट्टी गाठण्याइतकी ती बचत मोठी नव्हती, म्हणून एकूण वेळ हलली नाही. हे मी लेखात लिहायला हवं होतं. ‘नऊ फ्रेम्स वाचवल्या’ एवढंच वाचून कुणाचाही गैरसमज होईल. लेख दुरुस्त केला आहे.

पण याच कारणाने ८-४ मधल्या पाण्याला वेगळं मोल आहे. वॉर्प, म्हणजे मधल्या लेव्हल टाळून पुढे नेणारे खेळातले आडमार्ग, घेऊन खेळलं तर २-२ आणि ७-२ या पाण्याच्या दोन्ही लेव्हल वगळल्या जातात. वाटेत पाणी लागतं ते फक्त शेवटच्या ८-४ मध्ये. तिथे अगदी शेवटी असलेल्या कुऱ्हाडीला मारिओचा हात लागला की घड्याळ थांबतं, पुढे कुठली शिट्टी नाही. त्यामुळे तिथे पाण्यात वाया गेलेली एकेक फ्रेम थेट शेवटच्या वेळेत उतरते.

आता आकड्यांकडे येते. हा खेळ प्रत्येक पिक्सेलचे, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्याचे, १६ भाग करतो. पोहताना मारिओ एका फ्रेमला जास्तीत जास्त २४ भाग पुढे जातो, म्हणजे दीड पिक्सेल. तळावर पाय टेकून चालला तर १६ भाग, म्हणजे एकच पिक्सेल. ९६ पिक्सेलचं अंतर पोहून ६४ फ्रेम्समध्ये कापलं जातं, चालून मात्र पूर्ण ९६ लागतात. अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक, आणि तोही केवळ पाय टेकल्यामुळे. लहानपणी आम्ही वाळूवरून चालायचो, कारण तिथे सुरक्षित वाटायचं. ती सगळ्यात हळू वाट होती, हे आत्ता कळतंय.

माझ्या त्या नऊ फ्रेम्स जिथून आल्या ती जागा सांगते. वरून तो पांढरा स्क्विड खाली येतो, ज्याला आम्ही ऑक्टोपस म्हणायचो. त्याच्या खालून निघायचं तर मारिओला बुडू द्यावं लागतं. बटण लवकर दाबलं तर डोकं स्क्विडला लागतं. उशीर झाला तर पाय वाळूला टेकतात, वेगाची मर्यादा १६ वर येते आणि त्यावरचा वेग गळून पुन्हा कमवावा लागतो. आधीच्या प्रयत्नात माझे पाय टेकत होते. म्हणून मी त्या जागेच्या अलीकडे सेव्हस्टेट, म्हणजे हवं तेव्हा परत जाता येईल अशी खेळाची जतन केलेली स्थिती, ठेवला आणि एकेक फ्रेम पुढे जात बघितलं. टाच आणि वाळू यांच्यात एक पिक्सेल उरतो, त्या फ्रेमला बटण दाबलं की मारिओ तळाला न लागता वर उचलला जातो. हे मिळायला तीन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या संध्याकाळी लक्षात आलं की चूक इथे नव्हतीच. दोन हात आधी (बटणाचा एक दाब म्हणजे मारिओचा पोहण्याचा एक हात) मी बटण जरा लवकर दाबत होते, त्यामुळे इथे येताना उंचीच चुकत होती. सगळं मागे नेऊन तो हात दुरुस्त केला, मग इथलं आपोआप जमलं. मुलाचा श्वास चुकतो तेव्हा तुम्हीही त्याच्या आधीच्या हाताकडेच बघत असाल, नाही का?

फसवणुकीबद्दल. माणसाने सलग बसून खेळलेला विक्रम आणि टॅस, म्हणजे साधनांच्या मदतीने रचलेली धाव, यांची गल्लत केली तर ती फसवणूकच. तसं एकदा झालंही आहे. २००३ मध्ये मोरिमोतो नावाच्या जपानी खेळाडूचा सुपर मारिओ ब्रदर्स ३ चा सुमारे ११ मिनिटांचा व्हिडिओ जगभर फिरला. तो कसा बनवला याची माहिती सोबत न जाता फिरला. लोकांना वाटलं हा माणूस असा खेळतो, आणि खरं कळल्यावर लोक चिडले. त्यांचं चिडणं मला समजतं. त्याच वर्षी टॅससाठी स्वतंत्र संकेतस्थळ निघालं, जे आज टॅसव्हिडिओज म्हणून ओळखलं जातं, आणि तिथे टॅस हे टॅस म्हणूनच मांडलं जातं. माझ्याही प्रत्येक लेखावर ते पहिल्या ओळीत असतं. टॅसमध्ये खेळाच्या कोडला हात लावलेला नसतो. असते ती फक्त कुठल्या फ्रेमला कुठलं बटण याची यादी. तीच यादी टॅसबॉट नावाचं यंत्र २०१४ पासून गेम्स डन क्विक या वेगाने खेळ संपवण्याच्या कार्यक्रमांत खऱ्याखुऱ्या कन्सोलला, म्हणजे खेळाच्या यंत्राला, देत आलं आहे.

तुमच्या क्षेत्रातलं एक उदाहरण मला फार आवडतं. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ बॅकस्ट्रोकची सुरुवात पाण्याखालून करायचा आणि डॉल्फिनसारखी लाथ मारत तलावाच्या निम्म्याहून पुढे जाऊनच वर यायचा. पाण्याखालून वेग जास्त मिळतो, हे त्याने सगळ्यांसमोर दाखवलं. मग नियम आला, आणि आज १५ मीटरपर्यंत डोकं वर यावंच लागतं. स्पर्धा निकोप राहावी म्हणून नियम हवा, हे मला मान्य आहे. पण नियम नसता तर पाणी माणसाला कुठवर जाऊ देतं, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. टॅस हा दुसरा प्रश्न विचारतो, आणि मला त्याच प्रश्नाची ओढ आहे.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ते मला लागलं, कारण पाणी माझ्या अंगाला लागलेलं आहे. आठवीच्या सुट्टीत मी नौपाड्याहून सायकलने पालिकेच्या तलावावर उन्हाळी बॅचला जायचे. आमच्या सरांनी पहिले काही दिवस हात मारूच दिले नाहीत. भिंतीला पाय लावायचे, ढकलायचं, हात ताणून नुसतं पडून राहायचं आणि तळाच्या काळ्या पट्टीवरच्या फरशा मोजायच्या. मी घाईने हात मारायला लागले की काठावरून आवाज यायचा, ‘पाणी फार वाजतंय!’ न बघता, नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं.

सुपर मारिओ ६४ या मारिओच्याच दुसऱ्या खेळात मला तेच सापडलं. त्यात ए बटण दाबलं की मारिओ ब्रेस्टस्ट्रोकचा हात मारतो. खेळाच्या आत त्याच्या पोहण्याच्या ताकदीचा एक आकडा असतो, जो चाहत्यांनी २०१९ मध्ये उलगडलेल्या कोडमध्ये स्पष्ट दिसतो. तो १६० पासून सुरू होतो. एक हात संपून सरकणं चालू असताना नेमक्या क्षणी पुढचा हात जोडला तर तो १० ने वाढतो, असं करत २८० पर्यंत. त्याचा दहावा भाग घेतला की वेगाची पायरी मिळते. सुरुवातीला १६, शेवटी २८. त्या पायरीच्या वर गेलं की पाणी मागे खेचायला लागतं. आणि घाईने, हात पूर्ण व्हायच्या आतच पुन्हा बटण दाबलं, तर ताकद परत १६०. ताकद वाढलेली असताना हात मारल्याचा आवाजसुद्धा बदलतो, त्यामुळे माणसं ही लय कानाने पकडतात. त्याच खेळातल्या डायर डायर डॉक्स या पाण्याच्या लेव्हलमध्ये पाणबुडीकडे जाणारा लांब पल्ला मी पहिल्यांदा फ्रेम मोजत रचला, तेव्हा थांबायच्या त्या फ्रेम्स मोजताना मला तळाच्या फरशा आठवत होत्या.

म्हणून मी त्याला पोहणं म्हटलं, आणि तो शब्द ठेवते आहे. पाण्याचा गारवा, नाकात गेलेलं क्लोरीन, पाय तळाला न पोचण्याची भीती, यातलं काही बटणात नाही. तिथे तुमच्याशी माझा वादच नाही.

८-४ चा पाण्याचा भाग मी या महिन्यात पुन्हा रचते आहे, दुरुस्त तक्ता त्याच्यासोबत टाकेन. त्याआधी मला तुमच्याकडून एक जाणून घ्यायचं आहे. भिंत ढकलल्यानंतर पहिला हात कधी मारायचा, हे तुम्ही नव्या मुलांना कसं सांगता? आमचे सर फरशा मोजायला लावायचे. तुम्ही काय मोजायला लावता?