ॲम्प कुठाय?

ड्रमरचे काका, ज्यांच्या मागच्या खोलीत आमची तालीम चालते, दाराला टेकून बराच वेळ माझ्या लॅपटॉपकडे बघत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "छान आहे रे. कुणाचं लावलंयस?"

"लावलेलं नाही काका, मी वाजवतोय."

"वाजव की, नको कोण म्हणतंय? पण मूळ कुणाचं?"

मी एक तार छेडून दाखवली. काकांनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग गिटारकडे पाहिलं आणि निकाल दिला, "म्हणजे तू तार छेडलीस की त्याला कळतं आणि तो आतलं वाजवतो. आमच्या नातवाकडे पुस्तक आहे तसलं. गाईच्या चित्रावर बोट ठेवलं की हंबरतं."

चिडलो. पण पंचाईत अशी की हे धडधडीत खोटंही नाही. गिटारचा सिग्नल ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीत, शिरतो, तिथे सेकंदाला ४८,००० वेळा त्याची मोजणी होते आणि ते आकडे प्लगइनकडे, म्हणजे ॲम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, जातात. हेच आकडे एखाद्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पमधून, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून, पुढे बारा इंची स्पीकरमधून आणि त्याच्यासमोरच्या माइकमधून गेले असते तर त्यांचं काय झालं असतं, याचा हिशोब प्लगइन करतं आणि उत्तर स्पीकरला पाठवतं. हे सगळं मी काकांना हातवारे करून समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग ॲम्प कुठाय?"

"काका, हाच ॲम्प."

"हा कंप्युटर आहे."

"ॲम्प आत आहे."

"आत बसला? मग गिटारही आतच बसवून टाक ना. तेवढंच तुझं ओझं वाचेल." एवढं बोलून त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "बरं, कंप्युटर उघडाच आहे तर यातले फोटो त्यात काढून घे. जागा संपली, जागा संपली म्हणतोय सारखा."

चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या रचून त्यांच्यापुढे पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी फोटो काढून घ्यायला सांगत नाही. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब ॲम्प सुमारे २९ किलोचा, व्हॉक्सचा एसी ३० त्याहून जड. हे धूड जिन्यावरून चढवणाऱ्याची कंबर जाते, पण मान राहते. माझी कंबर शाबूत आहे. आणि हे काही कालचं फॅड नाही. लाइन ६ चा तो लाल पॉड, ॲम्पची नक्कल करणारा डबा, १९९८ साली आला, आयके मल्टिमीडियाचं ॲम्प्लिट्यूब हे प्लगइन २००२ साली. पाव शतक उलटलं तरी लॅपटॉपवाला गिटारिस्ट दिसला की लोकांना वाटतं, हा बहुतेक साउंडवाल्याचा भाऊ असावा.

असो. तर काकांच्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती. त्यांनी एक्स्टेन्शन बोर्डावर नजर फिरवली, माझ्या लॅपटॉपचा चार्जर उपसला आणि तिथे स्वतःचा खुपसला. त्याबरोबर संध्याकाळभर स्पीकरमध्ये चाललेली बारीक गुणगुण टपकन थांबली.

"बंद केली बघ," काका म्हणाले. "केव्हाची डोकं उठवत होती."

बासवाल्याने टाळ्या वाजवल्या. चार्जरचं मला ठाऊक होतंच. या लॅपटॉपची बॅटरी पूर्ण तालीम टिकत नाही, म्हणून तो लावून ठेवावा लागतो. आदल्या तालमीत मी या गुणगुणीची कारणमीमांसा सविस्तर केली होती, तेव्हा टाळी सोडा, बासवाल्याने मोबाइलमधून डोकंही वर काढलं नव्हतं. ती कारणमीमांसा इथे पुन्हा करतो.

गुणगुण दोन जातींची असते आणि लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात. गिटार वाजवता वाजवता जागच्या जागी फिरा. फिरल्यावर आवाज कमीजास्त झाला तर ती पिकअपची, म्हणजे तारांखालच्या चुंबकी तुकड्याची, विशेषतः एकाच वेटोळ्याच्या सिंगल कॉइलची. आसपासचा ट्रान्सफॉर्मर नाहीतर दिव्याचा डिमर त्यात घुसतोय. तिथून लांब व्हा, नाहीतर दोन वेटोळ्यांच्या हंबकर पिकअपची गिटार घ्या. फिरून काहीच फरक पडला नाही आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही ती टिकली, तर चोर बहुधा विजेच्या बाजूचा. लॅपटॉपच्या चार्जरमधला खळखळाट यूएसबीच्या ग्राउंडवरून इंटरफेसमध्ये येतो. शिवाय लॅपटॉप एका सॉकेटवर आणि पीए सिस्टिम (सगळ्यांचा आवाज मोठा करणारे स्पीकर) दुसऱ्या, म्हणजे अर्थिंगला जायला दोन वाटा होतात आणि ग्राउंड लूप तयार होतो. हाय गेन ॲम्प, खरा असो वा सॉफ्टवेअरचा, बारीक सिग्नल हजारपट आणि वर वाढवतो. त्यात गुणगुणही हजारपट. उपाय साधे आहेत: सगळं एकाच बोर्डावर लावा, इंटरफेसपासून पीएपर्यंत बॅलन्स्ड केबल वापरा, तरी राहिली तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल जोडणारी डबी) घालून केबलमधली ग्राउंडची वाट तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. अर्थिंगची पिन काढायचा सल्ला देणारा एक जण प्रत्येक बँडमध्ये असतो. हातात धातूच्या तारा आणि ओठ माइकला लावून उभं राहायचं असतं तुम्हाला, त्याला नाही. नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं दार, हे औषध नव्हे, झाकण आहे. लावायचाच तर साखळीत गेनच्या आधी लावा आणि ती पातळी, थ्रेशोल्ड, गुणगुणीच्या जेमतेम वर ठेवा. जास्त चढवला की लांबवलेला सूर मध्येच कुणी गळा दाबल्यासारखा मरतो.

काकांचं कौतुक ओसरतंय तोच स्पीकरमधून तडतड सुरू झाली. चार्जर निघाल्याबरोबर लॅपटॉपने स्वतःला काटकसरीच्या मोडवर टाकलं आणि प्रोसेसर मंद केला. "आता हे काय केलंस?" काकांनी मला विचारलं. मला!

हा तडतडीचा मामला नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. बफर, म्हणजे एका वेळी प्रोसेसरला मिळणारा मोजण्यांचा घास, १२८ सॅम्पलचा आणि रेट ४८ किलोहर्ट्झ असेल तर प्लगइनला प्रत्येक घास २.७ मिलिसेकंदांच्या आत संपवावा लागतो. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर २५ टक्के दाखवतो, पण ती सरासरी झाली. सेकंदाला पावणेचारशे घास, त्यातला एक उशिरा झाला तरी 'टक्' ऐकू येतं. म्हणून पॉवर मोड आधी बेस्ट परफॉर्मन्सवर न्या. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा. त्यांचे ड्रायव्हर अधूनमधून प्रोसेसरला खोळंबून ठेवतात. यूएसबी हब काढून इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग आठपट असेल तर दुपटीवर आणा. डिस्टॉर्शनमधून निघणारे वरचे स्वर २४ किलोहर्ट्झच्या (४८ च्या निम्म्या) भिंतीवर आपटून बेसूर होऊन खाली परततात, ते रोखायला ओव्हरसॅम्पलिंग असतं. घरी रेकॉर्ड करताना ते हवंच, पण ड्रमरशेजारी उभं राहून हा फरक ऐकणारा मला अजून भेटायचाय. एवढ्यावरही तडतड राहिली तर बफर २५६ वर न्या.

२५६ म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, लेटन्सी जाणवते हो, म्हणजे आवाज उशिरा येतो. २५६ सॅम्पल म्हणजे ५.३ मिलिसेकंद. जाऊन-येऊन दुप्पट, वर इंटरफेसचे स्वतःचे दोनचार. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. हेच नाजूक कानाचे गृहस्थ स्टेजवर ॲम्पपासून तीन मीटरवर उभे राहून खुशाल वाजवतात, तेव्हा नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकतात आणि त्याला 'फील' म्हणतात. ५१२ आणि १,०२४ ची तक्रार मात्र खरी आहे. तिथे बोट आणि आवाज यांचा काडीमोड होतो. विंडोजवर इंटरफेस कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हरच निवडा, विंडोजचा साधा ड्रायव्हर निवडून मग प्लगइनला शिव्या देऊ नका. आणि इंटरफेसवरचं, गिटार थेट ऐकवणारं डायरेक्ट मॉनिटरचं बटण बंद. नाहीतर कोरडी गिटार आधी आणि ॲम्पची गिटार मागून येते, आणि दोघी मिळून पोकळ, पातळ आवाज काढतात.

"सॉफ्टवेअरचा आवाज प्लास्टिकसारखा येतो" हे वाक्य ऐकलं की मी आधी त्यांची केबल कुठे घुसलीय ते बघतो. निम्म्या वेळा ती लाइन इनपुटमध्ये असते. गिटारच्या पिकअपला पुढे सुमारे १० लाख ओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट त्यापुढे दहावीस हजारांचा. तिथे वरचे सूर गुदमरतात आणि आवाजावर घोंगडी पडते. इंटरफेसवर 'इन्स्ट' नाहीतर 'हाय-झेड' असं बटण असतं, ते दाबायचं. मग गेन इतकाच, की सगळ्यात जोरात वाजवल्यावर मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहील. लाल दिवा इथे शौर्याचं लक्षण नाही. खरा ॲम्प चढला की गातो, इंटरफेस चढला की नुसता फाटतो.

उरलेल्या निम्म्यांचं कॅबमध्ये, म्हणजे प्लगइनमधल्या स्पीकरच्या पेटीच्या नकलेत, बिनसलेलं असतं. गिटारचा स्पीकर पाचेक किलोहर्ट्झच्या वर जवळपास हात टेकतो, आणि डिस्टॉर्शनचा सगळा कर्कशपणा नेमका तिथे राहतो. कॅब बंद ठेवून थेट पीएत वाजवलं तर खोलीतली माणसं दाराकडे सरकतात. उलटा प्रकार म्हणजे कॅब चालू ठेवून खऱ्या गिटार ॲम्पच्या पुढच्या जॅकमध्ये घुसणं: दोन ॲम्प, दोन कॅब, आवाज गादीखालून. खरा ॲम्प वापरायचाच तर कॅब बंद करा आणि मागच्या इफेक्ट्स लूपच्या रिटर्नमध्ये लावा. आवाज आवडत नसेल तर ॲम्पची बटणं पिळत बसण्याआधी कॅबचा आयआर, म्हणजे स्पीकर आणि माइकच्या आवाजाचा नमुना असलेली फाइल, बदला. स्पीकरसमोरचा माइक मधून बोटभर कडेला सरकवला तरी सगळा रंग पालटतो. ट्रेबलच्या बटणाची तेवढी ताकद नाही.

कंपनीने दिलेल्या प्रीसेटबद्दल, म्हणजे तयार जुळवणीबद्दल, काय बोलावं? एकट्या गिटारने दुकानात माणूस गारद व्हावा म्हणून ते केलेले. रिव्हर्ब (घुमारा) एवढा, की पहिला सूर परत येईपर्यंत कडवं संपतं. नावं तर अशी, की मोठ्याने वाचायची लाज वाटावी. रिव्हर्ब निम्म्यावर आणा, गेन एक तृतीयांशाने कमी करा, खालून १०० हर्ट्झच्या आतलं कापून बासवाल्याला द्या, टाळ्या वाजवल्या तरी द्या. आणि हे सगळं बँडच्या आवाजात करा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला बास कमी भासतो. रात्री हेडफोनवर मन लावून जुळवलेला गुबगुबीत आवाज तालमीत चढवला की नुसता घुमतो.

न्यूरल ॲम्प मॉडेलर हे प्लगइन तर फुकट आहे, ओपन सोर्स आहे. खऱ्या ॲम्पमधून ठरावीक चाचणीचा आवाज पाठवून त्याची नक्कल शिकवलेल्या हजारो फायली मिळतात. बहुतेक फायलींत बटणं एकाच जागी गोठलेली असतात, म्हणून एकाच ॲम्पच्या गेन ५, गेन ६, गेन ६.५ अशा स्वतंत्र फायली. त्या उतरवून घेण्यात जो वेळ जातो त्यात एखादं सोलो बसलं असतं.

हे सगळं मी हसतखेळत सहन करतो. लायसन्सचं मात्र नाही. पैसे मोजून घेतलेलं प्लगइन अधूनमधून नेटवर जाऊन विचारून येतं की मी मीच आहे ना. तडतड नको म्हणून वाय-फाय बंद केलेलं, त्यामुळे त्याला उत्तर मिळत नाही, मग मधूनमधून आवाज बंद. वाय-फाय चालू केलं तर आवाज चालू, तडतडही चालू. १९६५ सालच्या ॲम्पचा व्हॉल्व्ह उडतो, तो बदलता येतो. ॲम्प मालकाला ओळखपत्र मागत नाही. माझा जुना लॅपटॉप मदरबोर्ड जळून गेला, लायसन्सची एक जागा (एका मशीनची परवानगी) त्याच्यासोबत अडकली, आणि कंपनीच्या मदत केंद्राने अतिशय नम्रपणे कळवलं की कृपया जुन्या मशीनवर लॉगिन करून ते स्वतः डीॲक्टिव्हेट करावं.