परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळांचे अर्ज : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये शिक्षकपदासाठी अर्ज कसा करावा, या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. गिरणगावातल्या शाळेत आयुष्य घालवून आपण मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला आहात, त्यामुळे आपल्या शब्दांतला राग हा शिक्षकांविषयीच्या काळजीतून आलेला आहे, हे वाचतानाच कळत होते. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : या शाळा गोऱ्या माणसाला आणि इंग्रजीभाषक देशाच्या पासपोर्टला नोकरी देतात, मराठी माध्यमात राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकवलेल्या शिक्षकाला तिथे कोणी विचारत नाही, आणि हे माहीत असूनही मी आशा दाखवते, म्हणून माणसे हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागतात. आपल्या एका सहकाऱ्याच्या मुलीने एजंटला दीड लाख रुपये दिले आणि शेवटी तिच्या हाती बनावट नियुक्तिपत्र पडले, हा प्रसंगही आपण कळवला आहे. त्याविषयी आधी लिहिते, कारण तिथे माझी चूक आहे.

एजंटांबद्दल मी मूळ लेखात जेमतेम एक ओळ लिहिली होती. ती पुरेशी नव्हती. परदेशी नोकरीसाठी भारतातून माणसे पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी घ्यावी लागते, ती नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते, आणि नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. म्हणजे दीड लाखाचा आकडा तोंडातून निघाला, त्याच क्षणी उठून यायला हवे होते. संयुक्त अरब अमिरातीत तर भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास तिथल्या कामगार कायद्यानेच मनाई आहे. शिक्षकांच्या भरतीत काही मोठ्या संस्था उमेदवाराकडून नोंदणीचे शुल्क घेतात, हे खरे. पण ते शुल्क माहितीपत्रकात आधीच छापलेले असते आणि ‘नोकरी पक्की’ असे आश्वासन त्यामागे नसते. त्याखेरीज बहुतेक शाळा आपल्या संकेतस्थळावरच जाहिरात देतात आणि थेट अर्ज घेतात, त्याला एक पैसाही लागत नाही. हा सगळा मजकूर मी मूळ लेखाच्या सुरुवातीलाच घातला आहे आणि आपल्या प्रतिक्रियेमुळे तो घातला, असेही तिथे लिहिले आहे.

आता पासपोर्टविषयी. आपण म्हणता तो भेदभाव आहे, आणि तो मी स्वतः सोसला आहे. परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत नऊ वर्षे गणित शिकवल्यानंतर मी पहिल्यांदा अकरा ठिकाणी अर्ज पाठवले, त्यांपैकी एकाही शाळेने उत्तर दिले नाही. पुढे एका शाळेने मुलाखतीच्या दोन फेऱ्या घेतल्या आणि मग ‘पालकांची अपेक्षा इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिक्षकाची आहे’ असे कळवले. मी गणित शिकवणार होते, तरीही. काही ठिकाणी तर ही अट कायद्यातच आहे. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. त्यामुळे इंग्रजी भाषेच्या शिक्षकपदासाठी पूर्व आशियात अर्ज करणाऱ्या आपल्या शिक्षिकांना मी आधी व्हिसाची अट वाचायला सांगते, शाळेची जाहिरात नंतर.

परंतु ‘दार बंद आहे’ हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र या विषयांच्या शिक्षकांची टंचाई ब्रिटनमध्येच इतकी आहे की २०२३ पासून इंग्लंडच्या शिक्षण खात्याने भारतासह आणखी काही देशांतील प्रशिक्षित शिक्षकांना तिथल्या ‘क्यूटीएस’ या शिक्षक-पात्रतेसाठी अर्ज करण्याची सोय केली. भारतातील शिक्षकांसाठी ती ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरती आहे, आणि अर्जाला शुल्क नाही. आखातातल्या आणि आग्नेय आशियातल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या अनेक शाळा हीच पात्रता मागतात. इथे एक गफलत मी वारंवार पाहते. मुंबईत अनेक शिक्षिका भरपूर पैसे भरून ऑनलाइन ‘पीजीसीई इंटरनॅशनल’ हा ब्रिटिश विद्यापीठांचा पदव्युत्तर शिक्षक-प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करतात आणि त्यातून क्यूटीएस मिळाले असे समजतात. तो अभ्यासक्रम चांगला असू शकतो, पण त्याने क्यूटीएस मिळत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठी माध्यमाबद्दल आपण अर्धे बरोबर आहात. राज्य मंडळाच्या शाळेतून थेट परदेशी आंतरराष्ट्रीय शाळेत उडी क्वचितच लागते, आणि हे वाक्य माझ्या लेखात पहिल्या परिच्छेदात असायला हवे होते, शेवटून तिसऱ्यात नाही. बहुतेक जाहिरातींत संबंधित अभ्यासक्रमाचा किमान दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. हा अनुभव मात्र मुंबईतच मिळतो; केंब्रिज आणि इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या दोन्ही आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळा आता कुलाब्यापासून ठाण्यापर्यंत आहेत. मी स्वतः परळहून आधी पश्चिम उपनगरातल्या एका केंब्रिज शाळेत गेले, तिथे तीन वर्षे आयजीसीएसईचे, म्हणजे केंब्रिजच्या दहावीच्या पातळीच्या परीक्षेचे, वर्ग घेतले आणि मगच अबुधाबीला पोहोचले. परळची नऊ वर्षे त्यात वाया गेली नाहीत, हे मात्र ठासून सांगते. आपल्याला हे पटावे म्हणून एक प्रसंग सांगते.

चार वर्षांपूर्वी दादरला माझ्या घरी एक विज्ञान शिक्षिका आपला बायोडेटा घेऊन आली. दोन पाने, वरच्या कोपऱ्यात पासपोर्ट आकाराचा फोटो, मग वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, दहावीपासूनचे सगळे टक्के आणि तळाशी ‘वरील माहिती सत्य आहे’ असे प्रतिज्ञापत्र. अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ होती : इयत्ता आठवी ते दहावीला विज्ञान शिकवले. मी तिला विचारले, ‘तुझ्या वर्गात मुले किती?’ ती म्हणाली, ‘चौसष्ट. आणि चालू सूक्ष्मदर्शक एक.’ मग कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवण्याचा तास तू कसा घेतलास, हे मला सविस्तर सांग, असे मी म्हणाले. तिने सांगितले ते असे. रांगेत उभ्या असलेल्या मुलांना तिने आधी वहीत चित्र काढायला लावले : पापुद्रा मोठा करून पाहिला तर काय दिसेल असे तुम्हाला वाटते? एका मुलीने वर्तुळात वर्तुळे काढली, कारण घरी चिरलेल्या कांद्यात तिने चकत्याच पाहिल्या होत्या. सूक्ष्मदर्शकातून पाहून आल्यावर प्रत्येकाने शेजारी दुसरे चित्र काढले, विटांच्या भिंतीसारखे. आणि तासाच्या शेवटी दहा मिनिटे ‘आपले पहिले चित्र का चुकले’ यावर चर्चा झाली. त्या मुलीची वही या बाईंनी जपून ठेवली होती. पिशवीतून काढून त्यांनी ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, दोन्ही चित्रे शेजारी शेजारी.

आंतरराष्ट्रीय शाळा ज्याला चौकशीतून शिकणे म्हणतात आणि ज्याच्या कार्यशाळा भरवतात, ते हेच आहे. फक्त बाईंना ते अर्जात लिहिण्यासारखे वाटले नव्हते. आम्ही तो बायोडेटा बाजूला ठेवला. फोटो, धर्म, जात, टक्के सगळे गेले. अर्जासोबतच्या पत्राचा, म्हणजे कव्हर लेटरचा, पहिला परिच्छेद त्या तासावर लिहिला, मुलांच्या संख्येसह. परळ-लालबागच्या शाळेत नोकरी करतानाच त्यांनी दोन वर्षे आयजीसीएसईच्या मुलांना संध्याकाळी जीवशास्त्र शिकवले होते, ते दुसऱ्या परिच्छेदात आले. चौदा अर्ज, तीन मुलाखती आणि त्यानंतर मस्कतच्या एका शाळेचे पत्र. व्हिडिओवरच्या मुलाखतीत मुख्याध्यापकांनी त्यांना ती दोन चित्रे कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली होती.

पहिल्या अकरा अर्जांना उत्तर आले नाही तेव्हा मीही आपल्यासारखेच म्हणाले होते की पासपोर्टमुळे नाकारले. नंतर ते अर्ज पुन्हा वाचले, तेव्हा दिसले की त्या सगळ्यांत पत्र एकच होते, फक्त शाळेचे नाव बदललेले. पासपोर्टचा अडथळा मला दूर करता येत नाही. पत्र मला बदलता येते, आणि म्हणून मी त्याविषयी लिहिते.

कायम नोकरी सोडण्याविषयीची आपली भीती योग्य आहे, पण त्यावर उपाय वेळापत्रकात आहे. उत्तर गोलार्धातल्या बहुतेक शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि त्यांची भरती आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत जोरात असते. आपल्याकडचे शिक्षक मात्र निकाल लावून झाले की मे महिन्यात अर्ज करायला बसतात, तेव्हा उरलेल्या जागा मोजक्या असतात. महाराष्ट्रात खासगी शाळांतील सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीनुसार कायम शिक्षकाला राजीनाम्यासाठी तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. जानेवारीत सही झालेला करार हातात असेल तर ती सूचना देऊन, दहावीचा वर्ग अर्ध्यावर न सोडता, शैक्षणिक वर्ष पुरे करून जाता येते. सही झालेला करार येईपर्यंत राजीनामा देऊ नये, असे मी प्रत्येकीला सांगते आणि पुढेही सांगत राहीन.

आपल्यासारख्या मुख्याध्यापकांकडून एक अपेक्षाही मला इथे मांडायची आहे. या शाळा ‘ज्याच्याशी संबंधित असेल त्यास’ अशा मायन्याचा अनुभवाचा दाखला स्वीकारत नाहीत. त्या मुख्याध्यापकांच्या अधिकृत ई-मेलवर थेट प्रश्नावली पाठवतात, आणि त्यात मुलांच्या सुरक्षिततेविषयी नेमका प्रश्न असतो : या व्यक्तीला मुलांसोबत काम करू देण्याबाबत आपल्याला काही शंका आहे का? २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनांनी बालसंरक्षणासाठी संयुक्त कृतिदल नेमले, तेव्हापासून ही तपासणी कडक झाली आहे. उमेदवारालाही मुलाखतीत विचारतात, की एखादे मूल ‘कोणाला सांगू नका’ असे म्हणून काही सांगू लागले तर काय कराल? गुप्ततेचे वचन देणार नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवीन आणि त्याच दिवशी शाळेतल्या जबाबदार व्यक्तीला कळवीन, हे त्याचे उत्तर. पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ ने अशी माहिती कळवण्याची सक्ती आपल्यावरही २०१२ पासून आहे, त्यामुळे आपल्या शिक्षकांना हे उत्तर नवे नसते. पण मुख्याध्यापकांनी ती ई-मेल न उघडल्यामुळे हातातोंडाशी आलेली नोकरी गेलेल्या दोन जणींना मी ओळखते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. ओमानसाठी पदवीवर अपोस्टिल, म्हणजे अनेक देशांत मान्य असलेला परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, पुरते. अमिरातीसाठी मात्र मंत्रालयातील राज्य शासनाचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे आणि मग अमिरातीच्या वकिलातीचे, असा क्रम आहे. खरी अडचण नावाची होते. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव आणि शेवटी आईचे नाव, पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र साक्षांकनासाठी सोबत न दिल्यास फाईल अडकते, आणि हे सगळे ऑफर आल्यावर सुरू केले तर ऑगस्ट निघून जातो.

पैशांचा मुद्दा आपण ‘डॉलरचा मोह’ म्हणून मांडला आहे. मोहापेक्षा अज्ञानाने अधिक नुकसान होते, असा माझा अनुभव आहे. आखातात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही मोठ्या संख्येने आहेत आणि आपल्या बहुतेक शिक्षिका तिथेच काम करतात; तिथला पगार ब्रिटिश किंवा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा बराच कमी असतो. शिवाय नवऱ्याच्या व्हिसावर आधीच तिथे राहणाऱ्या शिक्षिकेला ‘लोकल हायर’ म्हणून घेतले, तर घरभाडे आणि विमानाचे तिकीट अनेकदा वगळले जाते. पत्रात एकूण पगाराचा आकडा मोठा दिसतो, पण अमिरातीत सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात : पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन, पुढे ३० दिवसांचे. माझ्या पहिल्या करारात मूळ वेतन एकूण रकमेच्या निम्म्याहून कमी होते. सहा वर्षांनी परत येताना मला त्याचा अर्थ कळला.

आपल्या सहकाऱ्याच्या मुलीला माझा निरोप द्यावा. ज्या खात्यावर पैसे भरले त्याच्या पावत्या, एजंटशी झालेले सगळे संदेश आणि ते बनावट पत्र तिने एकत्र करून ठेवावे, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तीच तक्रार मुंबईतील उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाकडे व ई-मायग्रेटवरही नोंदवावी. ती रसायनशास्त्र शिकवते असे आपण लिहिले आहे. तिने तिचा सर्वांत चांगला गेलेला एक तास, जसा घडला तसा, मराठीत लिहून मला पाठवावा. त्यातून पत्र कसे उभे करायचे ते आम्ही दोघी मिळून पाहू. सप्टेंबर यायला अजून अकरा आठवडे आहेत.