एका मेगाबाइटवरून दोन वर्षे कसे भांडावे

ऑनलाइन समाज उभारायला फारशी अक्कल लागत नाही. एक स्वप्न, एक चॅटरूम आणि रात्री जागणारी चार माणसे जमली की झाले. तो समाज पुन्हा सांधता येणार नाही असा फोडणे ही मात्र विद्या आहे, आणि ती शिकायची तर बिटकॉइनवाल्यांच्या पायाशी बसण्यावाचून गत्यंतर नाही. २०१५ ते २०१७ या काळात त्यांनी 'ब्लॉक (म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा) केवढा असावा' या एका प्रश्नावर असे काही करून दाखवले, की भाऊबंदकीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या आपल्यासारख्यांनीही वही-पेन घेऊन बसावे.

सुरुवातीलाच एक अट आहे. संस्थापक गायब झालेला हवा. हयात, हजर आणि उत्तरे देणारा संस्थापक असला की भांडण दोन दिवसांत मिटते आणि लोक कामाला लागतात. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो (हे टोपणनाव; त्यामागे कोण आहे ते आजही ठाऊक नाही) या बाबतीत आदर्श होता. ऑक्टोबर २००८ मध्ये त्याने नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध केला, जानेवारी २००९ मध्ये जाळे सुरू केले, २०१० मध्ये फारसा गाजावाजा न करता एका ब्लॉकला एक मेगाबाइटची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०११ च्या सुमारास 'मी आता दुसऱ्या कामांकडे वळलो आहे' अशा अर्थाचा निरोप ठेवून तो अंतर्धान पावला. जाताना त्याने दोन्ही पक्षांची सोय करून ठेवली. ऑक्टोबर २०१० मध्ये जेफ गार्झिक नावाच्या प्रोग्रामरने मर्यादा वाढवून बघितली, तेव्हा सातोशीने 'हा बदल वापरू नका, बाकीच्या जाळ्याशी तुमचे जुळणार नाही' असे बजावले आणि लगोलग पुढे कधी तरी मर्यादा कशी वाढवता येईल याचा नमुनाही लिहून दाखवला. मोठ्या ब्लॉकवाल्यांनी नमुना पाठ केला, लहान ब्लॉकवाल्यांनी इशारा. तुम्हीही असेच करा. ज्याच्या शब्दांचा दाखला द्यायचा तो माणूस खुलासा करायला येणार नाही याची खात्री असली की भाष्यकारांना बहर येतो.

मुद्दा निवडताना तो शक्यतो आकड्याचा निवडावा. दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, त्यात एक मेगाबाइट जागा, म्हणजे सेकंदाला फार तर तीन ते सात व्यवहार. एक पक्ष म्हणाला, लोक वाढताहेत, जागा वाढवा, नाही तर शुल्क इतके चढेल की या पैशाने कोणी चहासुद्धा घेणार नाही. दुसरा म्हणाला, ब्लॉक मोठे झाले की सगळा हिशोब घरच्या संगणकावर ठेवणे सामान्य माणसाला परवडणार नाही, मग तो चार कंपन्यांच्या हाती जाईल, आणि तसेच करायचे तर बँका काय वाईट होत्या? दोन्ही म्हणणी शहाणपणाची आहेत आणि हाच मोठा धोका आहे. शहाणपणाचे दोन मुद्दे समोरासमोर आले की मध्यममार्ग निघण्याची भीती असते. (ही चर्चा ऐन रंगात होती तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचा आरंभ झाला. टपरीवरच्या चहाचा प्रश्न त्या बाजूने सुटला. पण ज्यांना क्रांती करायची आहे त्यांनी अशा फुटकळ गोष्टींकडे लक्ष देऊ नये.)

तेव्हा मुद्द्याला ताबडतोब चारित्र्य चिकटवा. 'तुमचा हिशोब चुकतोय' असे कधी म्हणू नका; 'तुम्हाला पैसे कोण देतो?' असे विचारा. बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरवर, म्हणजे 'कोर'वर, काम करणारे काही जण ब्लॉकस्ट्रीम या कंपनीत होते, म्हणून मोठ्या ब्लॉकवाल्यांनी ठरवले की रस्ता मुद्दाम तुंबवून ही मंडळी स्वतःचा टोलनाका बांधणार. सातोशीने ज्याच्या हाती कारभार सोपवला तो गॅविन अँड्रेसन २०११ मध्ये सीआयएच्या कार्यालयात बिटकॉइनवर व्याख्यान देऊन आला होता. हे त्याने स्वतःच आधी जाहीर केले होते, पण जाहीर केलेली गोष्ट गुप्त कटाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही असे कोणी सांगितले? चीनमधल्या मायनर, म्हणजे संगणकांच्या ताकदीवर नवे ब्लॉक जोडून नाणी कमावणाऱ्या 'खाणवाल्या', कंपन्यांवर दोन्हीकडून हवे तसे आरोप करता येत, कारण त्यांतले बरेच जण इंग्रजीतल्या वादात उतरतच नसत. मग हळूहळू मेगाबाइट मागे पडतो आणि खरी करमणूक सुरू होते.

आता सभेचे नियम. मे २०१५ मध्ये गॅविनने वीस मेगाबाइटचा आग्रह धरला, मग तो आठवर आला, आणि ऑगस्टमध्ये माइक हर्नसोबत त्याने 'बिटकॉइन एक्सटी' हे पर्यायी सॉफ्टवेअर बाहेर काढले. खाणीतल्या ७५ टक्क्यांनी होकार दिला तरच बदल लागू होणार होता. म्हणजे मतदानच. पण जिथे हे मत मांडायचे त्या सर्वांत मोठ्या चर्चापीठाच्या प्रमुखाने एक्सटीचा प्रचार हा विषयबाह्य ठरवला, आणि नव्वद टक्के लोकांना हे धोरण असह्य वाटत असेल तर त्या नव्वद टक्क्यांनी निघून जावे, असेही स्पष्ट सांगितले. कोणाचीच सत्ता नसलेल्या समाजात चावी कोणाकडे आहे हे इतक्या सोप्या भाषेत क्वचितच कोणी सांगते. निघालेल्यांनी शेजारी दुसरे चर्चापीठ थाटले. पुढची दोन वर्षे दोन्हीकडची माणसे फक्त आपापल्या लोकांशी बोलत राहिली आणि दोघांनाही 'सगळेच आपल्या बाजूने आहेत' असे मनापासून वाटत राहिले. एक्सटी चालवणाऱ्यांचे संगणक हल्ले करून बंद पाडण्यात आले. खुल्या चर्चेला एवढी चालना पुरेशी होती.

एवढ्यावर भागले नाही तर समेट करा. समेटासारखे भांडणाला पोषक काही नाही, फक्त त्यात ज्यांनी काम करायचे आहे ते तरी नकोत, किंवा ज्यांच्या नावाने सही होणार आहे ते तरी. फेब्रुवारी २०१६ मध्ये हाँगकाँगला मायनर आणि कोरचे काही प्रोग्रामर पहाटेपर्यंत बसले आणि 'आधी सेगविट, मग दोन मेगाबाइट' असा करार झाला. सेगविट म्हणजे सह्यांचा मजकूर वेगळा मोजून ब्लॉकमध्ये जागा काढायची युक्ती. करार करून आलेल्या प्रोग्रामरांना घरच्यांनी विचारले, तुम्हाला आमच्या वतीने बोलायला सांगितले कोणी? नेता नसण्याचा हा फायदा आहे: कोणी शब्द देऊ शकत नाही, त्यामुळे तो मोडल्याचा दोषही कोणाला लागत नाही. वर्षभराने, मे २०१७ मध्ये, न्यूयॉर्कला पुन्हा तसाच करार झाला. या वेळी २२ देशांतल्या ५८ कंपन्या आणि मायनिंगची ८३ टक्क्यांहून अधिक ताकद एका बाजूला होती. कोरचे लोक नव्हते. या कराराचे सॉफ्टवेअर लिहायला कोण पुढे आला? तोच जेफ गार्झिक, ज्याने सात वर्षांपूर्वी मर्यादा वाढवून बघितली होती. माणसाने एकच गोष्ट आयुष्यभर धरून ठेवावी ती अशी.

मोठ्या ब्लॉकच्या विरोधकांनी टोप्या शिवल्या. लष्करी ठिपक्यांच्या कापडाच्या, वर 'यूएएसएफ' अशी अक्षरे. अर्थ असा, की खाणवाले ऐकत नसतील तर आम्ही वापरणारेच १ ऑगस्ट २०१७ पासून सेगविटचा नियम लागू करू, मग जाळे दुभंगले तरी चालेल. टोपीचे महत्त्व कमी लेखू नका. मत बदलता येते. टोपी घालून काढलेला फोटो कायम राहतो.

यानंतर येतो सर्वांत नाजूक भाग, कामाच्या माणसांना दमवण्याचा, आणि त्यात घाई करून चालत नाही. पगार न घेता किंवा देणगीवर काम करणारा प्रोग्रामर शोधा. त्याच्या प्रत्येक सूचनेखाली तीनशे प्रतिक्रिया पडतील असे बघा. त्यातल्या दोन तांत्रिक असाव्यात म्हणजे त्याला बाकीच्या २९८ वाचाव्या लागतील. त्याने उत्तर दिले तर 'एवढा वेळ कसा मिळतो?' म्हणा, नाही दिले तर 'जनतेला उत्तर द्यायला बांधील नाहीत का?' म्हणा. त्याने रजा घेतली तर तो विकला गेला. परत आला तर विकला गेला आणि पैसे संपले.

माइक हर्न गुगलमधली नोकरी सोडून या कामात आला होता. जानेवारी २०१६ मध्ये त्याने लांबलचक लेख लिहून हा प्रयोग फसल्याचे जाहीर केले, आपली सगळी नाणी विकल्याचे सांगितले आणि बँकांसाठी काम करणाऱ्या एका कंपनीची वाट धरली. भाव एक-दोन दिवस पडला. मग तो सावरला आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात वीस हजार डॉलरच्या जवळ गेला, त्यामुळे हर्न किती चुकला हे आजही हसत हसत सांगतात. त्याच डिसेंबरात एका व्यवहाराचे सरासरी शुल्क पन्नास डॉलरच्या वर गेले होते, आणि त्याने लेखात नेमके हेच तुंबणे वर्तवले होते, हे सांगताना मात्र कोणाला हसू येत नाही, म्हणून ते सांगतच नाहीत.

गॅविनचे अधिक व्यवस्थित झाले. २०१४ मध्येच त्याने मुख्य जबाबदारी व्लादिमीर व्हॅन डर लान याच्याकडे सोपवली होती. मे २०१६ मध्ये क्रेग राइट नावाच्या गृहस्थाने 'मीच सातोशी' असा दावा केला आणि गॅविनने त्यावर विश्वास ठेवला. त्याच दिवशी कोडमध्ये बदल करण्याचा त्याचा अधिकार काढून घेण्यात आला; कारण, त्याचे खाते कोणी हॅक केले असावे. भल्या माणसाला बाहेर काढताना 'तुम्ही तुम्हीच आहात ना?' असे काळजीने विचारण्याची ही तऱ्हा कोणीही उचलावी अशी आहे. राइट सातोशी नाही, हे लंडनच्या न्यायालयाने सांगेपर्यंत मार्च २०२४ उजाडला. मधल्या काळात राइटच्या कंपनीने सोळा प्रोग्रामरांना कोर्टात खेचले होते: आमच्या हरवलेल्या १,११,००० बिटकॉइनपर्यंत पोचायची वाट तुम्ही कोड लिहून करून द्या! फुकट काम करणाऱ्याला वकिलाची फी भरायला लावणे, यापुढे दमवण्याची विद्या जाऊ शकेल असे वाटत नाही. २०२१ च्या सुरुवातीला व्लादिमीरनेही, सगळा भार एका माणसावर नको म्हणत, मागे सरायला सुरुवात केली. त्यानंतरच्या दोन वर्षांत कोडची चावी असलेले आणखी काही जण एकेक करून ती ठेवून गेले. सेगविटचा मुख्य शिल्पकार पीटर व्हुइले त्यांतलाच. जे जातात ते एकमताच्या मोजणीत येत नाहीत, त्यामुळे दर राजीनाम्यागणिक एकमत वाढत जाते.

फुटीचा दिवस तसा साधा असतो. १ ऑगस्ट २०१७ ला आठ मेगाबाइटवाल्यांनी 'बिटकॉइन कॅश' घेऊन वेगळी चूल मांडली. त्या क्षणापर्यंत ज्याच्याकडे जितकी जुनी नाणी होती त्याला तितकीच नवी मिळाली, म्हणजे भांडणाचा बोनस. खरे बिटकॉइन कोणते यावर लगेच जुंपली. नाव आणि चिन्ह कोणाचे हे ठरवायला इथे निवडणूक आयोगही नाही, त्यामुळे तो वाद तारीख न पडता चालू आहे. त्याच महिन्यात उरलेल्यांकडे सेगविट लागू झाले आणि जी बाजू एका मेगाबाइटसाठी छाती पुढे करून उभी होती, तिच्या विजयामुळे ब्लॉक एक मेगाबाइटच्या पुढे जाऊ लागले. न्यूयॉर्क कराराचे दुसरे अर्धे, म्हणजे दोन मेगाबाइट, ८ नोव्हेंबरला एका ईमेलने रद्द झाले. पुरेसे एकमत झाले नाही म्हणे.

वेगळे झालेले तरी सुखाने नांदतील असे कोणाला वाटले असेल तर त्याने फुटीचा अभ्यास नीट केलेला नाही. १५ नोव्हेंबर २०१८ ला बिटकॉइन कॅश फुटले: एकांना ३२ मेगाबाइट पुरेसे होते, दुसऱ्यांना १२८ हवे होते, आणि या दुसऱ्यांत राइटसाहेब होते. बरोबर दोन वर्षांनी, पुन्हा १५ नोव्हेंबरलाच, उरलेले पुन्हा फुटले. या वेळी मायनिंगच्या उत्पन्नातले आठ टक्के प्रोग्रामरांना द्यावेत की नाही यावर. दमलेल्या माणसाला पगार देण्याची सूचना करणाऱ्याचे काय होते ते लक्षात ठेवा आणि अशी सूचना चुकूनही करू नका.

तुम्ही उशिरा आलात अशी खंत बाळगू नका. २०२५ मध्ये नवा आकडा आला आहे. व्यवहाराला चिकटवायच्या इतर मजकुराची मर्यादा कोरच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ८३ बाइट होती, ती तिसाव्या आवृत्तीत एक लाख केली. विरोधक 'नॉट्स' हे दुसरे सॉफ्टवेअर चालवू लागले. एकांच्या मते पैशाच्या जाळ्याचा उकिरडा होणार, दुसऱ्यांच्या मते मर्यादा तशीही पाळली जात नव्हती आणि अशी गाळणी म्हणजे सेन्सॉरशिप. कोणाला कोण पैसे देतो याची विचारपूस सुरू झाली आहे, चर्चा बंद पाडल्याच्या तक्रारी आल्या आहेत, फुटीची भाषाही ऐकू येते. जागा भरपूर आहेत. दोन्ही बाजूंचे म्हणणे आधी वाचून बघावे असा मोह तुम्हाला होईल, तो आवरा. वाचून आलेली माणसे 'दोघांचेही थोडे खरे आहे' असे बोलून बसतात, आणि मग त्यांना दोन्हीकडचे लोक विचारतात, तुम्हाला पैसे कोण देतो?