देवाने लावलेला डाग

पाहुणा साक्षात देव असला तरी त्याने उंबऱ्याबाहेर पाय पुसावेत, असे मानणाऱ्या घरात माझा जन्म झाला. त्यामुळे जपानच्या दक्षिण टोकाकडील मियाको बेटावर, शिमाजिरी या वस्तीत, माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या सदऱ्याची जी विटंबना झाली ती पचवणे मला अंमळ जडच गेले.

चांद्र कालगणनेच्या नवव्या महिन्यात येथे ‘पान्तू’ नावाचे तीन देव येतात. अंगभर वेली, तोंडावर लाकडी मुखवटा आणि नखशिखांत काळा चिखल, असे त्यांचे ध्यान असते. हा चिखल ‘न्मरिगा’ नावाच्या विहिरीच्या तळाचा. तुंबलेल्या मोरीत कोणी सुकट भिजत घालून विसरून गेले असावे, असा त्याचा दरवळ. तो अंगाला लागला की इडापीडा टळते, म्हणून गावकरी तान्ही पोरे आपण होऊन पुढे करतात आणि नव्या घराच्या भिंतीही हौसेने माखून घेतात. २०१८ साली युनेस्कोने जपानमधील अशा दहा पाहुण्या देवांच्या प्रथांना वारशाच्या यादीत मानाचे पान दिले. कपडे खराब झाल्याच्या पर्यटकांच्या तक्रारींमुळे आगमनाची तारीख फारशी गाजवत नाहीत, हे मात्र मला सदरा माखल्यानंतर कळले.

देव दिसताच मी, कायद्यावरील जुन्या श्रद्धेने, एका पोलिसाच्या पाठीमागे दडलो. देवाने आधी पोलिसाला माखले, पोलिसाने कमरेत वाकून आभार मानले, आणि तो वाकल्यामुळे उघडा पडलेला मी आयताच देवाच्या हाती सापडलो. दोन्ही गालांवरून, मानेवरून आणि पाठीवरून तो गार, बुळबुळीत हात असा सावकाश फिरला, की आमच्या न्हाव्यानेही कधी इतक्या निगुतीने मालिश केले नसेल.

मुक्कामी परतल्यावर नाणी टाकून चालणाऱ्या धुलाईयंत्रात सदरा तीनदा धुतला. डाग फिकटला, वास तसूभर हलला नाही. आईला फोन केला, तर ती म्हणाली, “अरे मेल्या, अंगारा कोणी धुतं का?” आणि फोन बाबांकडे दिला, त्यांनी लिंबू चोळायला सांगितले.

चौथ्या खेपेला यंत्राचे झाकण उघडले तेव्हा यंत्रालाच तो वास लागला होता. माझ्यामागे टोपली घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांना मी मुकाट्याने जागा करून दिली. वर्षभराच्या त्यांच्याही इडापीडेची सोय झाली होती. फक्त त्यांच्या टोपलीत सगळे पांढरेच कपडे होते.