गाडी उभी असताना टर्बोचा गेज शून्याच्या खालीच राहणार

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा अधिकार. तुमचं म्हणणं असं: जुन्या एस्टीमला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंप) बसवलाय, बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, कमी येत होता म्हणून गाडी आमच्या गॅरेजला दिली. आम्ही चार दिवस सांगून सोळा दिवस ठेवली, १२,४०० रुपये घेतले आणि केलं काय, तर चाळीस रुपयांची पाइपची क्लिप बदलली. सोबत बूस्टच्या गेजचा फोटो आहे, ४००० आरपीएमला काटा शून्याच्या खालीच. त्याखाली दोघातिघांनी ‘उद्यमनगरात सगळे असलेच’ असंही लिहून टाकलंय. म्हणून इथंच उत्तर देतोय, फोनवर नाही.

सोळा दिवसांचं आधी. ती चूक आमची, त्यात दुमत नाही. डाऊनपाइप, म्हणजे टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप, खोलताना दोन स्टड (तो धरणारे बोल्ट) तुटले. ते काढायला टर्नरकडं (लेथवाल्याकडं) गर्दी होती, मध्ये सोमवारची सुट्टी आली, आणि या सगळ्यात तुम्हाला एक फोन करायचा राहिला. तुम्हीच तीनदा केलात. पोरांनी तिन्ही वेळा ‘उद्या होईल’ सांगितलं. मला कळल्यावर मी त्यांना बोललो, पण ते तुमच्या कामाचं नाही.

फोटोचं मात्र पटत नाही. त्यातच बघा, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर आहे आणि हँडब्रेक ओढलेला दिसतोय. गाडी उभी आहे, न्यूट्रलला आहे आणि तुम्ही रेस मारताय. अशात इंजिनाला ओढायला काहीच नसतं. ४००० वर जायला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जेमतेम फट पडेल एवढा उघडतो आणि त्याच्यामागं इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, व्हॅक्यूमच राहतो. धूर थोडा, त्याला जोर नाही, टर्बाइन (टर्बोचं धुरावर फिरणारं चाक) फिरतं पण हवा दाबण्याएवढं नाही. जगातली कुठलीही धड टर्बो पेट्रोल गाडी अशी उभी करून रेस मारली तर गेज जवळजवळ हेच दाखवेल. बैल गोठ्यात बांधून त्याची ओढ कळत नाही.

आम्ही ट्रायल घेतली ती ओळखीच्या खडी क्रशरच्या खासगी चढावर. तिसरा गिअर, २००० आरपीएमपासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खाली. पहिल्या दिवशी बूस्ट ०.२८ बार (बार हे दाबाचं माप), तोही ३८०० च्या पुढं. शेवटच्या दिवशी ०.५ बार, ३००० च्या आतच. दोन्ही व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आहेत. फोटोबरोबर तेही टाकले असते तर बरं झालं असतं.

आता क्लिप. क्लिप बदलली हे खरंच आहे. टर्बोच्या हवा ओढायच्या तोंडाला झाकण लावून आत ०.५ बार हवा भरली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) खालच्या नळीवर बुडबुडे आले. तो पाइप गुळगुळीत होता, टोकाला उंचवटाच काढलेला नव्हता. त्यावर सिलिकॉनची होज कितीही आवळली तरी दाबाखाली सरकतेच. पाइपला उंचवटा करून घेतला आणि मग चांगली क्लिप लावली. दुसरी गळती डिपस्टिकच्या भोकातून, फुस्स आवाज येत होता. थोडी हवा पिस्टनच्या रिंगमधून खाली जाते, ते चालतं. इथं पीसीव्ही व्हॉल्व्ह (ती हवा परत इनटेककडं सोडणारी झडप) म्हातारा झाला होता, दाब आला की मिटायचा तो मिटतच नव्हता. बूस्ट सरळ क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइलच्या पोटात. गाडीत ऑइलचा वास येतो म्हणून तुमची जी तक्रार होती, ती यातलीच.

एवढं करून बूस्ट किती वाढला? ०.२८ चा ०.३४. खरं डोकं इथून पुढं लागलं, आणि तेच तुम्ही लिहिलं नाहीत.

बूस्ट कमी म्हटल्यावर तो कसा कमी आहे हे बघावं लागतं. काटा झटक्यात वर येऊन एका जागी अडला, तर वेस्टगेटचा (जादा धूर टर्बाइनला टाळून सोडणाऱ्या झडपेचा) अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे ती झडप ढकलणारा डबा, लवकर उघडतोय किंवा त्याची स्प्रिंगच तेवढ्याची आहे. पण काटा उशिरा, रडत रडत चढत असेल, तर धुराचा जोर टर्बाइनपर्यंत पोचायच्या आधीच कुठंतरी वाया जातोय. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारातली. तरी अ‍ॅक्च्युएटर हातपंपावर तपासला. ०.४ बारला हलायला लागला, दाब धरून राहिला. त्यात दोष नव्हता. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर टर्बोला नेणाऱ्या पाइपांवर) तिसऱ्या सिलिंडरच्या जोडापाशी काजळीची काळी रेघ होती, म्हणजे तडा. तो वेल्डिंग करून घेतला. थोडा फरक पडला, फार नाही.

मग डाऊनपाइप काढायचं ठरवलं, त्यात ते स्टड तुटले. पाइप निघाल्यावर बॅटरी मारून वेस्टगेटच्या झडपेकडं बघितलं तर एका बाजूनं केसाएवढी उजेडाची फट. झडप बंद दिसायची, बंद होत नव्हती. तिच्या बैठकीवर मसुराच्या दाण्याएवढा वेल्डिंगचा मणी चिकटून बसला होता. मॅनिफोल्ड घरगुती बनवलेला, आतून साफ न करताच बसवला असणार. ज्यांनी बसवला त्यांचं नाव मी घेणार नाही, पण ते आम्ही नव्हतो एवढं इथं वाचणाऱ्यांना कळावं. तुमचं नशीब चांगलं, म्हणून मणी झडपेकडं गेला. टर्बाइनच्या पात्यांत गेला असता तर टर्बोच भंगारात टाकावा लागला असता. मणी काढला, बैठक घासली, झडप पूर्ण टेकते का ते पुन्हा बॅटरीनं बघितलं आणि मग काटा ०.५ ला गेला.

राहिला तुमचा मुंबईचा मित्र. त्याच्या गाडीत ‘सात’ येतो आणि तुमच्यात ‘अर्धाच’, असं तुम्ही लिहिलंय. दादा, त्याचा गेज पीएसआयचा आहे, तुमचा बारचा. सात पीएसआय म्हणजे ०.४८ बार. तुमचा त्याच्यापेक्षा कणभर जास्तच आहे.

वेस्टगेटचा रॉड दोन आटे आवळून बूस्ट वाढवून द्या म्हणालात, तेव्हा मी नाही म्हटलं. त्याचा राग रिव्ह्यूत दिसतोय. रॉड आवळायला पाच मिनिटं लागतात, त्याचे पाचशे रुपये मला सहज मिळाले असते. पण तुमच्या १२९८ सीसी इंजिनात पिस्टन कंपनीचेच, साध्या इंजिनाचे आहेत. तुम्ही भरता ते पंपावरचं साधं पेट्रोल. ०.५ बारलाच इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) ९० टक्के वेळ उघडे होते. याच्यापुढं हवा वाढेल, पेट्रोल वाढणार नाही. मिश्रण पातळ होणार, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसणं) सुरू होणार. उन्हाळ्यात पन्हाळ्याचा घाट चढताना पिस्टनला भोक पडलं की तेव्हाही रिव्ह्यू आमच्यावरच येणार. शिवाय हा टर्बो डिझेल गाडीतून काढलेला. पेट्रोलचा धूर त्याहून तापट असतो, हेही ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट गाडी आमच्याकडं कामाला घेतानाच सांगितली होती, परत सांगतो. आरसीवर जे आहे त्यात असा फेरफार करून गाडी रस्त्यावर चालवणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही. ट्रॅकपुरती ठेवा, ट्रॉलीवरून न्या. आम्ही टर्बो बसवून देत नाही ते यासाठीच. आलेल्या गाडीतला बिघाड शोधून देतो.

पैशाचा हिशेब तुमच्या बिलावर आहे, इथंही लिहितो. मजुरी ६,५००. टर्नरचं स्टड काढायचं काम १,८००. वेल्डिंग, गॅस्केट आणि नवे स्टड २,३००. पाइपचा उंचवटा, होज, क्लिपा आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह मिळून १,८००. यातले टर्नरचे १,८०० मी परत देतो. स्टड गंजलेलेच होते, कुणाच्याही हातून तुटले असते. पण पुढं जाण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. बाकीचे पैसे कामाचे आहेत, ते परत देणार नाही.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. फक्त फोटोखाली गाडी उभी होती एवढं लिहा, म्हणजे दुसरं कुणी न्यूट्रलला रेस मारून आपला टर्बो गेला म्हणून घाबरणार नाही.

सोमवार सोडून कधीही या, पैसे घेऊन जा. तो मणी पिशवीत घालून तुमच्या बिलालाच पिन केलाय, बघितला नसेल तर बघा. नव्या होज पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात, त्यामुळं क्लिपा एकदा परत आवळाव्या लागतील. त्याचे पैसे नाहीत. फक्त गाडी सकाळी, गार असताना आणा. गरम टर्बोजवळ हात घालायला आमच्याकडं कुणी तयार होत नाही.