गाणं जुनं की नवं ते राहू द्या, गातंय कोण ते सांगा

चर्चमधल्या संगीताचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकांच्या मते जुनी स्तोत्रं म्हणजेच उपासना, बाकी सगळा ऑर्केस्ट्रा. दुसऱ्यांच्या मते ऑर्गन सुरू झाला की तरुण पोरांना जांभया येतात.

माझी आवड विचाराल तर मी पहिल्या गटातला. चार आवाजांत बसवलेलं स्तोत्र, हातात पुस्तक, आणि शेवटच्या कडव्याला वादक पट्ट्यांवरून हात उचलतो तो क्षण! वाद्य थांबतं आणि एकदम कानावर येतं की शेजारच्या काकांचा खर्ज केवढा भक्कम आहे. मागच्या बाकावरच्या ताई अर्धा सूर खाली असतात, तरी सगळं मिळून झकास लागतं. एवढ्यासाठी मी लांबलचक उपदेशसुद्धा निमूटपणे ऐकून घेतो.

पण ‘जुनं तेच पवित्र’ हे आमच्या गटाचं म्हणणं मला पटत नाही. जुनं म्हणजे नक्की कुठलं? धर्मसुधारक झ्विंग्लीच्या झुरिकमध्ये (स्वित्झर्लंड) १५२७ साली ग्रोसम्युन्स्टर चर्चमधला ऑर्गनच मोडून टाकला होता. जिनिव्हात कॅल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाने मंडळीला गायला लावलं, पण वाद्याविना आणि एकाच सुरात. बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पद्यात बसवलेलं त्यांचं पुस्तक १५६२ साली पूर्ण झालं. पूर्वेकडच्या प्राचीन परंपरेतल्या बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही वाद्य वाजत नाही. म्हणजे ज्या ऑर्गनसाठी आम्ही भांडतो, त्याला या मंडळींनी दारातच अडवलं असतं.

नव्या गटाचंही एक लाडकं वाक्य आहे: जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने गुत्त्यातल्या गाण्यांच्या चाली उचलल्या. ऐकायला खुमासदार, पण याला पुरावा नाही. नाताळच्या एका गीताला त्याने आधी एक प्रचलित लौकिक चाल लावली होती, एवढं खरं. १५३९ साली तीही बदलून नवी चाल छापली.

‘एकच ओळ किती वेळा म्हणायची?’ ही तक्रारही मी करत नाही. बायबलमधलं स्तोत्र १३६ उघडून बघा. सव्वीस वचनं, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’. फ्रान्समधल्या तेझेच्या मठातली गाणी तर एकदोन ओळींचीच असतात, पुन्हा पुन्हा म्हणायची. मला ती फार आवडतात, कारण तिसऱ्या फेरीला सगळे गात असतात.

माझं दुखणं आहे ते पट्टीचं आणि आवाजाचं. मूळ रेकॉर्डिंग कुणा चढ्या गळ्याच्या गायकाचं असतं आणि आमचे वर्शिप लीडर (उपासनेत गाणी म्हणवून घेणारे) हट्टाने तीच पट्टी धरतात. साधारण माणसाचा गळा एका सप्तकापलीकडे दोनतीन सूर जेमतेम जातो. मग ध्रुवपदाला पुरुष खालच्या सप्तकात उतरतात, बायका मधेच थांबतात, आणि गाणं शिगेला पोहोचतं तेव्हा स्टेजवरचे सहा जण गात असतात, खालचे डोलत असतात. त्यात स्पीकर इतका मोठा की स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. वर अंधार आणि धूर. (धूर कशासाठी, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.) बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात प्रेषित पौल स्तोत्रं आणि गीतं एकमेकांना म्हणून दाखवा म्हणतो. एकमेकांचा आवाज पोहोचलाच नाही, तर कसलं म्हणून दाखवणार?

आणखी एक खटकतं. नव्या गाण्यांत सदा विजय, सदा आनंद. बायबलच्या दीडशे स्तोत्रांत विलापाची किती तरी आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. ज्याच्या घरातलं नुकतंच कुणी वारलंय असं माणूस रविवारी बाकावर येऊन बसतं, त्याने टाळ्या वाजवायच्या? म्हणूनच मला ठरलेला उपासनाक्रम आवडतो. मन कोरडं असलं तरी पापांगीकार (पापांची कबुली) आणि प्रभूची प्रार्थना तोंडी असते, ती आपल्याला ओढून नेते. पाळकांनी झगा घालावा की जीन्स, याच्याशी मला देणंघेणं नाही.

माझ्या हातात असतं तर ड्रम राहू दिला असता, गिटारही. पट्टी दोन सूर खाली आणली असती, गाताना दिवे लावले असते आणि प्रत्येक रविवारी एक कडवं विनावाद्य. नवीन गाणं बसवलं की निदान महिनाभर तेच ठेवा, इतकीच वर्शिप टीमला विनंती. आमच्यासारख्यांना चाल गळ्यात उतरायला वेळ लागतो हो.